हुर्यो साऱ्यांची, कर्म कोणाचे?

आमच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याने पुढे येथे, जुन्नर तालुक्याच्या या भूमीत देह ठेवला अशी लोकांची श्रद्धा आहे. दूरदूरची माणसे समाधीच्या दर्शनाला येतात. आपण बौद्ध आहोत. जनावर वेद बोलले हे आपल्या बुद्धीला पटणारे नाही. पण त्या कथेतला एक भाग असा आहे की जो पटवून घ्यायला कोणत्याही चमत्काराची गरज नाही.

संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली ती भावंडे शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. तेथे जमलेल्यांनी त्यांची टवाळी आरंभली. ज्ञानदेव हे नाव ऐकून कोणी एकाने समोरून जाणाऱ्या रेड्याकडे बोट दाखवले आणि म्हटले की नावात काय आहे, त्या रेड्याचे नावही ज्ञानाच आहे. माणसाला जनावराच्या पंक्तीला बसवायचे आणि भोवतालच्यांनी त्यावर हसायचे, एवढा भाग तर आपण रोज पाहतो. बोट दाखवणारा एक होता. हसणारे किती होते? आणि जे हसले त्यांचे कर्म कोणते? धम्माच्या मार्गावर नव्याने पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

हा प्रश्न पोथीतच राहिलेला नाही. आजच्या काळात तो सर्वांत मोठ्या आवाजात ऐकू येतो तो खेळाच्या मैदानावर.

ऑस्ट्रेलियात ॲडम गुड्स नावाचा फूटबॉलपटू होऊन गेला. तेथील फूटबॉल आपल्याकडच्यापेक्षा वेगळा, लांबट चेंडूने खेळला जाणारा. गुड्स त्या देशाच्या मूळ रहिवाशांपैकी. गोऱ्यांनी ज्यांची जमीन घेतली, ज्यांची लेकरे आईच्या कुशीतून ओढून नेली, त्या समाजाचा. खेळातला सर्वोच्च सन्मान त्याने २००३ आणि २००६ असा दोनदा मिळवला. मे २०१३ मध्ये मेलबर्नच्या मैदानावर प्रेक्षकांतून त्याला 'वानर' म्हणून हाक आली. त्याने वळून बोट दाखवले. हाक मारणारी तेरा वर्षांची मुलगी निघाली. दुसऱ्या दिवशी गुड्सने काय सांगितले? या मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या, हा शब्द तिला समाजाने शिकवला आहे.

२०१४ साली त्याला त्या देशाचा मानाचा नागरी पुरस्कार मिळाला. त्याने आपल्या लोकांवरील अन्यायाबद्दल स्पष्ट बोलणे सोडले नाही. मग हुर्यो सुरू झाली. २०१५ च्या हंगामात, गाव कोणतेही असो, चेंडू त्याच्या हाती आला की हजारो माणसे एकदम ओरडत. मे महिन्यात गोल केल्यावर त्याने आपल्या पूर्वजांचे युद्धनृत्य केले, तेव्हा तर ओरड आणखी वाढली. अखेर त्याच वर्षी तो खेळातून निवृत्त झाला. चार वर्षांनी, २०१९ मध्ये, त्या खेळाच्या मंडळाने आणि अठराही संघांनी त्याची माफी मागितली. पण तोवर मैदानावरचा माणूस मैदान सोडून गेला होता.

ओरडणाऱ्यांचे म्हणणे काय होते? आम्ही त्याच्या रंगावर ओरडत नाही, त्याच्या खेळण्याच्या पद्धतीवर ओरडतो. हे उत्तर आपल्याला ओळखीचे आहे. आम्ही जात पाहत नाही, स्वच्छता पाहतो. आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो. समजा, एखाद्याचा हेतू खरोखरच खेळापुरता होता. पण ही ओरड एका माणसाला कशासाठी बोचते आहे हे सगळ्या देशात बोलले जात असताना, ते ऐकूनही जो दुसऱ्या आठवड्यात त्याच ओरडीत आपला गळा मिसळतो, त्याला जुना हेतू वापरता येत नाही. जाणून केलेल्या कृतीला जाणिवेचे माप लागते.

गोऱ्यांचेच हे दुर्गुण आहेत असे समजून आपण निवांत बसू नये. ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स खेळायला उतरला. त्याच्या आईवडिलांपैकी एक आफ्रिकी-कॅरिबियन वंशाचे होते. प्रेक्षकांतल्या काही जणांनी माकडासारखे हावभाव केले, आवाज काढले. ते आपल्याच महाराष्ट्रातले मैदान होते. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या प्रेक्षकांनी मोहम्मद सिराजला वंशावरून हिणवले, तेव्हा साऱ्या देशाला संताप आला. तो योग्यच होता. पण वानखेडेच्या वेळी तो संताप कुठे होता? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिकमध्ये आपला महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला. वंदना कटारियाने काही दिवसांपूर्वीच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय स्त्री. पराभवानंतर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजवले गेले आणि जातीवरून शिव्या दिल्या गेल्या अशी तक्रार तिच्या कुटुंबाला पोलिसांत द्यावी लागली.

आवाज न करणारीही एक हुर्यो असते. पुण्याचे पळवणकर बाळू चर्मकार समाजात जन्मले. साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करता करता ते गोलंदाजी शिकले. त्यांची गोलंदाजी हवी म्हणून हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. मैदानात चेंडू त्यांच्या हातून सगळ्यांच्या हातात जात असे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हेही खरे. म्हणून त्या मातीच्या भांड्याचा अन्याय कमी होत नाही. ज्याचे राजकारण आपल्याला पटत नाही त्याच्यावरचा अन्यायही अन्यायच असतो.

ते भांडे वेगळे ठेवायचे कोणी ठरवले होते? विचारले असते तर उत्तर आले असते, कोणी नाही, रीतच तशी आहे. आपल्या खेड्यांना हे उत्तर पाठ आहे. पाणवठा बंद झाला, दुकानदाराने मीठ देणे बंद केले, कामावर बोलावणे बंद झाले, की प्रत्येक जण म्हणतो, "माझं काही नाही बाबा, गावानं ठरवलं." गाव म्हणजे कोण हे कोणी सांगत नाही. मैदानावरचा प्रेक्षकही हेच म्हणतो. चाळीस हजारांत माझा एक आवाज, त्याने काय होते?

धम्माचे उत्तर येथे अगदी स्वच्छ आहे. कर्म म्हणजे मागच्या जन्माचा हिशेब नव्हे. त्या हिशेबाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले गेले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कर्म समजावले ते जगातील नैतिक व्यवस्थेचा आधार म्हणून. आणि तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे माणसाच्या हेतूत सांगितले. हेतू गर्दीला नसतो, तो एकेका माणसाला असतो. म्हणून चाळीस हजारांनी मिळून हुर्यो उडवली तर आवाज चाळीस हजारांत वाटला जातो, पण कर्माचे चाळीस हजार तुकडे होत नाहीत. प्रत्येकाच्या पदरी ते पुरेच पडते. कठोर बोलण्यापासून दूर राहणे हा सम्यक वाचेचा भाग आहे, आणि घोळक्यात उभे असताना त्यातून सूट आहे असे कोठेही सांगितलेले नाही.

एका ब्राह्मणाने भगवंतांना शिव्या दिल्या, ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. भगवंतांनी विचारले, पाहुण्यापुढे वाढलेले अन्न त्याने घेतले नाही तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. तसेच तुझ्या शिव्या मी घेत नाही, त्या तुझ्याकडेच राहिल्या, असे भगवंतांनी त्याला सांगितले. ही गोष्ट काही जण अपमान झालेल्याला सांगतात आणि गप्प बसवतात. हा तिचा दुरुपयोग आहे. भगवंत गप्प बसले नव्हते. त्यांनी शिवी घेतली नाही, आणि ती कोणाच्या घरात पडून आहे हेही बोलून दाखवले. गुड्सने बोट दाखवले ते असेच. अपमान मनात साठवू नये हे आपल्या मुलांना शिकवावे. पण बोट दाखवणे म्हणजे भांडकुदळपणा, असे मात्र त्यांना कधीही शिकवू नये.

आणि त्याहून अवघड शिकवण आपल्या स्वतःच्या तोंडाची आहे. जत्रेतल्या कुस्तीच्या आखाड्यात, शाळेच्या कबड्डीच्या सामन्यात, दूरदर्शनसमोर बसून आपली मुले काय ओरडतात? काळ्या वर्णाच्या परदेशी खेळाडूला ती काय म्हणतात? दुसऱ्या दलित जातीच्या पोराला नावे ठेवतात का? देव्हाऱ्यातले देव काढले, घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लावली, पण गर्दीत गेल्यावर तोंड जुनेच राहिले, तर दीक्षा उंबऱ्यापर्यंतच आली असे म्हणावे लागेल. अशा वेळी शेजाऱ्याला एवढेच म्हणता आले पाहिजे की, दादा, खेळावर बोला, माणसावर नको. एवढे म्हणायलाही धैर्य लागते.

गर्दी मुळातच वाईट, असे आपण मानण्याचे कारण नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी हूल उठली आणि एका जमावाने सत्याग्रहींवर हल्ला केला. दुसरा जमाव आपला होता. त्याला बाबासाहेबांनी संयम राखायला सांगितले आणि त्याने तो राखला. मग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे एका आवाजात बोलली. त्या बावीस प्रतिज्ञा आठवून पाहा. म्हणणारे लाखो होते, पण प्रतिज्ञांत 'आम्ही' नाही. तेथे 'मी' आहे. सर्व माणसे समान आहेत हे मानण्याचे वचन प्रत्येकाने आपल्या एकट्याच्या नावावर दिले. तोच 'मी' मैदानावर, आखाड्यात, चावडीपुढे बरोबर नेला, तर कोणतीही गर्दी आपल्या तोंडून आपले नसलेले शब्द काढून घेऊ शकणार नाही.