खोटा इशारा आणि आप्तवचन

मोठ्या गर्दीच्या रक्षणात दोन प्रकारच्या चुका होतात. खरा धोका नजरेतून निसटणे ही पहिली आणि नसलेल्या धोक्याचा इशारा देणे ही दुसरी. पहिली टाळण्यासाठी पहारा कडक केला की दुसरी वाढते. दुसरीला भिऊन ढिलाई केली की पहिलीला वाव मिळतो. त्यामुळे प्रश्न नुसत्या बंदोबस्ताचा राहत नाही. न पडताळलेली भीती बोलून दाखवणे हा धर्म की अधर्म, असा तो नीतीचा प्रश्न होतो. फुटबॉलच्या मैदानाला तो जितका लागू आहे, तितकाच यात्रेलाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग सभामंडपाच्या पातळीखालील लहान गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्यांनी खाली उतरावे लागते आणि एका वेळी मोजकेच भाविक आत मावतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी दर्शनाची रांग लांबवर जाते. अशा जागी एक चुकीची आरोळीही जिवावर बेतू शकते.

फुटबॉलच्या जगातील दोन घटनांतून हा प्रश्न स्पष्ट होतो. १५ मे २०१६ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानातील स्वच्छतागृहात बॉम्बसारखी वस्तू सापडली. सामना रद्द करून हजारो प्रेक्षकांना शिस्तीने बाहेर काढण्यात आले. सुरक्षा सरावात वापरलेली ती नकली वस्तू उचलायची राहून गेली होती, असे नंतर कळले. ३ जून २०१७ रोजी इटलीतील तुरीन शहराच्या चौकात लोक मोठ्या पडद्यावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना पाहत होते. चोरांच्या टोळीने मिरचीचा फवारा मारला, हल्ला झाल्याचा समज पसरला आणि पळापळीत दीड हजारांहून अधिक लोक जखमी झाले. काहींचा पुढे मृत्यू झाला. दोन्हीकडे धोका खोटा होता. पहिल्या ठिकाणी मात्र काय करायचे हे सांगणारा विश्वासाचा आवाज होता, दुसऱ्या ठिकाणी तो नव्हता.

खोट्या धोक्याने खरे मरण कसे येते, याचे उत्तर वेदान्तातील दोरी आणि सापाच्या दृष्टान्तात आहे. गौडपाद आणि शंकराचार्य दोघांनीही तो वापरला आहे. अंधारात दोरी साप भासते. साप खोटा असतो, पण त्याने उडालेली धडकी खरी असते आणि पळताना मोडलेला पायही खरा असतो. उजेड आला की भ्रम जातो, मोडलेला पाय मात्र तसाच राहतो. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढून प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जण मरण पावले. आग लागलेलीच नव्हती.

ऐकलेले खरे केव्हा मानावे, यावर भारतीय दर्शनांत दीर्घ वाद झाला. कुमारिल भट्टांच्या मीमांसेनुसार ज्ञान मुळातच प्रमाण असते. ते खोडणारे दुसरे ज्ञान येईपर्यंत ते खरे धरावे. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांच्या, मते प्रामाण्य बाहेरून ठरते: त्या ज्ञानाप्रमाणे केलेली कृती सफल झाली की ते खरे. घाबरलेली गर्दी मीमांसकांसारखी वागते. आरोळी ऐकू आली की ती खरी धरते. न्यायदर्शनाची कसोटी लावायला तिला वेळ नसतो, कारण कृतीचे फळ दिसेपर्यंत माणसे चिरडलेली असतात. म्हणून अशा क्षणी आधार उरतो तो शब्दप्रमाणाचा, आप्ताच्या म्हणजे विश्वासार्ह सांगणाऱ्याच्या वचनाचा. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात आप्ताची लक्षणे दिली आहेत: वस्तू प्रत्यक्ष जाणलेली असणे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची इच्छा असणे. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू होते, असेही भाष्यकार म्हणतो. म्हणजे देवळाबाहेर नारळ विकणारी बाईसुद्धा आप्त असू शकते आणि अधिकारपदावर असूनही एखादा अनाप्त ठरू शकतो.

यावरून बोलणाऱ्याची जबाबदारी ठरवता येते. बेवारस पिशवी दिसली म्हणून पोलिसाला किंवा स्वयंसेवकाला सांगणारा भाविक दोषी नाही, पिशवीत कपडेच निघाले तरीही. त्याने पाहिले तेवढेच सांगितले. तीच पिशवी पाहून ‘बॉम्ब’ म्हणून ओरडणारा न पाहिलेले सांगतो. गंमत म्हणून किंवा चोरीसाठी अफवा उठवणाऱ्याच्या असत्याला तर हिंसाही जोडली जाते. गीतेच्या १७व्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत सत्य आणि हित यांबरोबर उद्वेग न करणे हेही येते. इशारा केवळ खरा असून भागत नाही. तो योग्य माणसाला आणि योग्य रीतीने द्यावा लागतो.

संशयाचीही नीती आहे. खोट्या इशाऱ्याचा मार बहुधा परक्यावर आणि गरिबावर पडतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षुकांना ठार मारले. हिंगोली जिल्ह्यातच याविरुद्धची शिकवण आहे. नरसी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते. औंढ्याला त्यांचे कीर्तन अडथळा ठरवून त्यांना देवळामागे पाठवले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा परंपरेने जपली आहे. दारावरच्या रक्षकाने ज्याला उपद्रव मानले, त्याच्याकडे देवाने तोंड केले, असा तिचा अर्थ आहे. तपासणी सर्वांची सारखी असावी. वेष, जात किंवा धर्म पाहून संशय घेणे हे रक्षण नव्हे.

सर्वांत मोठी जबाबदारी व्यवस्थेची आहे. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत २९० हून अधिक भाविक चेंगरून मेले. अशा दुर्घटना टाळायच्या तर गर्दी घाबरेल तेव्हा तिला हलायला जागा हवी आणि ऐकायला खरा आवाज हवा. बाहेर पडण्याच्या वाटा दुकानांनी अडलेल्या नसणे, पायऱ्या कोरड्या असणे, ध्वनिक्षेपकावरून भाविकांच्या बोलीत खरी माहिती मिळणे, ही आप्तवचनाची भौतिक बाजू आहे. एरवी माहिती दडवणाऱ्या व्यवस्थेवर संकटाच्या क्षणी कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून चुकीच्या पण प्रामाणिक इशाऱ्याला क्षमा असावी, जाणूनबुजून दिलेल्या खोट्या इशाऱ्याला शिक्षा असावी आणि विश्वास कमावण्याचे काम यात्रेच्या आधीच झालेले असावे. भाविकाने पाहिले तेवढेच सांगावे. विश्वस्तांनी आणि प्रशासनाने जाणले ते सर्व सांगावे.