शब्द गेला, उच्चार राहिला

'लय भारी' आता पुण्यामुंबईच्या जाहिरातींत दिसतं, स्टुडिओतल्या निवेदकाच्या तोंडी येतं, इंग्रजी शाळेत शिकणारी मुलंही ते सहज म्हणतात. २०१४ मध्ये तर याच नावाचा सिनेमा आला. नगरच्या केडगावात मात्र या शब्दाकडे कुणाचं लक्षही जात नाही. जवळच्या नेप्तीच्या बाजारात कांद्याला भाव मिळाला तर लय भारी, नाही मिळाला तर लय वंगाळ. कोल्हापूरच्या 'नाद खुळा'नंही असाच साऱ्या महाराष्ट्राचा प्रवास केला.

शब्दांचा ओघ एरवी उलटा असतो. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, पुढे पाठ्यपुस्तकं आली, आणि पुण्यातल्या शिकलेल्या घरांची बोली प्रमाण ठरली. मग ती शाळा, कचेरी, रेडिओ यांच्या वाटेनं गावोगाव उतरली. त्यामुळे गावाकडचा शब्द शहराकडे चढताना दिसला की आनंद वाटतो. मलाही वाटतो. पण कोणता शब्द चढला आणि काय खालीच राहिलं, हे पाहिल्याशिवाय त्या आनंदावर विसंबता येत नाही.

चढले ते उद्गार. लय, भारी, नाद खुळा. वाक्यात कुठेही बसतात, बाकीच्या बोलण्याला धक्का लावत नाहीत. क्रियापदाची घडण मात्र चढली नाही. नगरकडचं 'गेलता', 'आलता', 'केलतं' शहरातल्या कुणी उचललं नाही. आणि उच्चार तर मुळीच नाही. 'पानी', 'लोनी', 'कोन' असं म्हणण्याची हौस कुणाला नसते. 'लय' म्हणणारा तोच शहरी माणूस 'पानी' ऐकला की बोलणाऱ्याचं शिक्षण मनातल्या मनात मोजू लागतो. त्यानं घेतली ती फोडणी. जेवण आपलंच ठेवलं.

असंच काहीसं दूर अमेरिकेत घडतंय. ब्रिटिशांच्या बोलण्यातले शब्द तिथे रुळत आहेत. एकदाच घडणाऱ्या गोष्टीला 'वन-ऑफ' म्हणणं, तांबूस केसांच्या माणसाला 'जिंजर' म्हणणं ही मूळची ब्रिटिश वळणं. बेन यागोडा या अमेरिकी लेखकानं असे शब्द वर्षानुवर्षं टिपले आणि २०२४ मध्ये त्यांवर 'गॉबस्मॅक्ड!' हे पुस्तक काढलं. तिथेही लोक शब्द घेतात, उच्चार आपलाच ठेवतात. पण शिकलेल्या ब्रिटिशाचा उच्चार अमेरिकी माणसाला भारदस्त वाटतो, म्हणून तो त्या वाटेला जात नाही. गेला तर मिरवल्यासारखं दिसेल. आपल्याकडे 'पानी'च्या वाटेला न जाण्याचं कारण नेमकं उलटं आहे. तिथे शब्दाबरोबर बोलणाऱ्याचा मान येतो. इथे शब्द येतो, बोलणारा वेशीबाहेर थांबतो.

हे कुठल्या जिल्ह्याच्या बाबतीत घडतं? ज्या जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच्या. मराठीचा एवढा थोर ग्रंथ ज्या मातीत झाला, तिथल्या मुलाला 'तू अशुद्ध बोलतोस' असं सांगताना आपल्याला काहीच खटकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिनेमानं मात्र एक गोष्ट करून दाखवली. दिग्दर्शक नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकले. त्यांच्या 'फँड्री'चं गाव नगरजवळचं अकोळनेर, म्हणजे केडगावच्या शेजारचंच. पुढे २०१६ मध्ये त्यांचाच 'सैराट' आला, आणि नगर जिल्ह्याला लागून असलेल्या करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी आली. त्याआधी ही बोली पडद्यावर बहुधा गड्याला, हवालदाराला किंवा हसवणाऱ्याला मिळे. इथे त्याच बोलीतून प्रेम केलं गेलं, भांडलं गेलं, घाबरलं गेलं. लोकांनी ती उच्चारासकट ऐकली आणि त्या पात्रांसाठी रडले. ही बोली मोठ्या भावना पेलू शकते का, हा प्रश्न तिथेच मिटला.

उरला वर्गातला प्रश्न. लिहिताना सगळ्यांना समजेल असं एक वळण लागतं, ते शिकवायलाच हवं. पण केडगावचं पोर हात वर करून 'सर, मी काल आलतो' म्हणालं, तर सरांनी आधी त्याचं पुढचं वाक्य ऐकावं. 'आलो होतो' आणि 'ण' नंतरही शिकवता येतात. एकदा गप्प झालेलं पोर पुन्हा हात वर करेलच असं नाही.