दाराशी किती कुत्री असावीत?

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी त्या वेळी ज्या धर्मग्रामात होतो, तेथे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एक वृद्ध बाई एकट्या राहत असत. आयुष्यभर परिचारिकेचे काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. सारी वस्ती त्यांना मावशी म्हणे. मावशींच्या घरी सहा कुत्री होती. त्यांतले एकही विकत घेतलेले नव्हते. एकाचा पाय गाडीखाली गेलेला, दुसरे पावसात गटाराकाठी सापडलेले, अशी ती सारी रस्त्यावरून घरात आली होती. वरच्या मजल्यावर एक तरुण कुटुंब राहत असे. घरधनी रात्रपाळी करून सकाळी झोपायचा, पाळण्यात तान्हे मूल होते, आणि खाली सहा कुत्री भुंकत असत. तक्रारी वाढत गेल्या. अखेर इमारतीतल्या रहिवाशांनी ठरवले की, एका घरात दोनांहून अधिक कुत्री असू नयेत. ते मावशींच्या गळी उतरवण्याचे काम माझ्याकडे आले.

मी गेलो. शेजारधर्म, सहनशीलता, सर्वांचे हित यांविषयी बोललो. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "फादर, तुम्ही सांगता तर मी दोनच ठेवीन. पण कोणती चार सोडायची, तेवढे तुम्हीच सांगा." मला उत्तर देता आले नाही. आठवड्याभरात चार कुत्री एका टेम्पोतून कोठेतरी नेण्यात आली. कोठे, हे मी विचारले नाही. तंटा मिटला आणि लोकांनी माझे आभार मानले. ते आभार मला आजही टोचतात.

हा प्रश्न आता एखाद्या इमारतीपुरता राहिलेला नाही. शांघाय शहराने २०११ साली एका कुटुंबाला एकच कुत्रे असा नियम केला. सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकेत ठरावीक जातींचे एकच कुत्रे पाळता येते. आपल्या देशात गाझियाबाद महानगरपालिकेने २०२२ साली एका कुटुंबाला एकच कुत्रे असा निर्णय घेतला. चंडीगढच्या २०२५ सालच्या उपविधींनी तर घराच्या आकारावर कुत्र्यांची संख्या बेतली आहे. पाच मरल्यांपर्यंतच्या घरात एक, आणि घर वाढत जाईल तशी संख्या वाढत एक कनालहून मोठ्या घरात चार. (मरला हे तिकडचे जमीन मोजण्याचे माप, वीस मरल्यांचा एक कनाल.) भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही नाही. तेव्हा 'पाळावे की न पाळावे' हा वाद बाजूला पडतो आणि 'किती' हा प्रश्न पुढे येतो. वरवर पाहता तो अंकगणिताचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो नीतीचा प्रश्न आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी केलेली कायद्याची व्याख्या आम्हांला सेमिनरीत पाठ करावी लागे. कायदा विवेकातून निघालेला असावा, तो सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने तो केलेला असावा आणि तो लोकांना जाहीर केलेला असावा. संख्येचा नियम या कसोट्यांना उतरतो काय? अमेरिकेत हा वाद न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्नेगी या छोट्या नगरात एका घरी पाचांहून अधिक कुत्री वा मांजरे नकोत, असा नियम होता. पाच या आकड्याचा लोकांना होणाऱ्या उपद्रवाशी नेमका काय संबंध, हे नगराने दाखवून दिले पाहिजे, अशी भूमिका तेथील न्यायालयाने १९९४ साली घेतली. उलट मिनेसोटा राज्यातल्या सॉक रॅपिड्स नगराची दोन कुत्र्यांची मर्यादा १९९७ साली अपील न्यायालयाने वैध ठरवली. कुत्री वाढली की गोंगाट आणि दुर्गंधी वाढण्याचा संभव वाढतो, म्हणून कोठेतरी रेघ ओढण्याचा नगराला अधिकार आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

मला दोन्ही निकालांत तथ्य दिसते. संख्येच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे संख्या सर्वांना सारखीच दिसते. अधिकाऱ्याने घरात शिरून कोणाचे प्रेम खरे आणि कोणाचे खोटे हे ठरवावे, अशी वेळ तिच्यामुळे येत नाही. दुबळ्या शेजाऱ्यालाही तिचा आधार असतो. माझ्या त्या रात्रपाळीच्या तरुणाला नियमाखेरीज दुसरा कोण वाली होता? मावशींचा दयाभाव थोर होता हे खरे, पण त्या दयेची किंमत वरच्या मजल्यावरचे तान्हे मूल मोजत होते. आपल्या सद्गुणाचे ओझे आपण दुसऱ्याच्या डोक्यावर तर देत नाही ना, हे दयाळू माणसानेही तपासून पाहिले पाहिजे.

परंतु संख्येला मोजता येते, तोलता येत नाही. एका मोठ्या बंगल्याच्या आवारात एकच कुत्रे दिवसरात्र साखळीला बांधलेले असते. पाणी आटलेले, फिरायला नेणारे कोणी नाही. संख्येचा नियम तेथे पूर्ण पाळला जातो. (१९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय गुन्हा ठरवली आहे, पण त्या आवारात डोकावतो कोण?) दुसरीकडे एखाद्याच्या घरची तीन कुत्री नसबंदी केलेली, लस टोचलेली, शेजाऱ्यांच्या ओळखीची असतात, आणि तोच मनुष्य नियमभंग करणारा ठरतो. घराच्या आकारावर संख्या ठरवण्यात व्यावहारिक शहाणपण जरूर आहे, कारण जनावराला जागा लागते. तरीही हा नियम वाचताना मला नाथान संदेष्ट्याने दाविद राजाला सांगितलेली गोष्ट आठवते. श्रीमंताकडे कळप होते आणि गरिबाकडे एकच कोकरी होती. ती त्याच्याच ताटातले खाई आणि मुलीसारखी त्याच्या कुशीत निजे. माया घराच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. जागेवरून कायदा ठरवावा लागत असेल तर खुशाल ठरवावा, पण ज्याचे घर मोठे त्याचे मनही मोठे, असा अर्थ आपण त्यातून काढू नये.

मग योग्य मर्यादा कोणती? पवित्र शास्त्रात जनावरांची संख्या ठरवून दिल्याचा एक प्रसंग आपणां सर्वांना ठाऊक आहे. नोहाला परमेश्वराने किती प्राणी घ्यायचे ते सांगितले. परंतु तेवढेच सांगून तो थांबला नाही. तारवाची लांबी, रुंदी आणि उंची हातांच्या मापाने सांगितली, आणि सर्वांना पुरेल एवढे अन्न साठवण्याची आज्ञाही दिली. म्हणजे संख्या, जागा आणि पोषण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, आणि त्यांचा भार एका माणसाच्या शिरावर ठेवला गेला. माझ्या समजुतीप्रमाणे मर्यादेचे मर्म येथे आहे. 'मला किती कुत्री ठेवण्याचा हक्क आहे' हा प्रश्न कायद्याने विचारावा. श्रद्धावंताने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: 'किती जीवांविषयी मी परमेश्वराला आणि शेजाऱ्याला उत्तर देऊ शकेन?' या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या आकड्याहून पुष्कळदा लहान निघेल. आजारपणात त्यांना कोण पाहील? माझ्यामागे त्यांचे काय होईल? खर्च कोठून येईल? १९९२ सालच्या कॅथलिक श्रद्धाग्रंथाने या बाबतीत समतोल राखला आहे. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांना विनाकारण दुःख देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो शिकवतो. आणि माणसांच्या दैन्यनिवारणासाठी जो पैसा जायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही अयोग्य आहे, असेही बजावतो.

कायदा करणाऱ्यांनाही एक विनंती कराविशी वाटते. संत थॉमस यांनी न्यायाच्या जोडीने आणखी एका सद्गुणाविषयी लिहिले आहे. कायदा करणाऱ्याला प्रत्येक प्रसंग आधी दिसत नाही. म्हणून जेथे शब्दाला चिकटून राहिल्याने कायद्याचा हेतूच बुडतो, तेथे हेतूला धरून वागावे. नवा नियम आला की जी कुत्री आधीच कोणाच्या घरी आहेत, त्यांना त्याच उंबऱ्यावर आयुष्य पुरे करू द्यावे. मर्यादा नव्याने आणलेल्यांना लावावी. अन्यथा शेजाऱ्याची कटकट रस्त्यावर ढकलली जाते एवढेच, आणि ज्या मुक्या जीवाने कोणताही अपराध केलेला नाही त्याला शिक्षा होते. आणि आपण शेजाऱ्यांनी तक्रारीचा कागद लिहिण्यापूर्वी एकदा ते दार ठोठावून पाहावे.

आज मी मावशींकडे पुन्हा गेलो असतो तर काय केले असते? दोनांचा ठराव मी चुकीचा म्हटला नसता. परंतु त्यांच्या प्रश्नाला मी उत्तर दिले असते. "एकही आज सोडू नका, मावशी. नवे मात्र आणू नका. रात्री त्यांना मागच्या खोलीत ठेवा. दोघांसाठी घरे मी मिस्सानंतर लोकांत विचारतो, आणि वरच्या मजल्यावर आपण दोघे मिळून जाऊ." एवढे करायला फार तर एक संध्याकाळ लागली असती. ती मी दिली नाही. ठरावाने माझे काम सोपे केले होते, आणि मी ते सोपे होऊ दिले.

मावशी आता देवाघरी आहेत. टेम्पोतून गेलेल्या त्या चार कुत्र्यांची नावे त्या शेवटपर्यंत घेत असत. मला त्यांतले एकही आठवत नाही.