आईला आधार की मुलाला आसरा?

नवरा वारला, सासरच्यांनी हात झटकले, पदरात दोन लहान मुले. अशी बाई पाळकांकडे येते आणि "मुलांना बोर्डिंगात ठेवायला चिठ्ठी द्या" म्हणते. निपाणी-बेळगावकडच्या मंडळ्यांना हा प्रसंग नवा नाही. चिठ्ठी दिली जाते, मुलांची सोय लागते, आणि पुण्यकर्म घडले असे सर्वांना वाटते. पण ज्या मुलाला आई आहे, त्याला केवळ गरिबीपायी तिच्यापासून दूर करणे हे पुण्यकर्म म्हणावे काय? हा प्रश्न आम्हांस वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

अनाथाश्रमांचे ऋण आम्ही विसरत नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, तोही आजच्या कर्नाटकातला. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणि बालविधवा आणून केडगावी ठेवल्या, तेव्हा त्या मुलींना दुसरे दारच उघडे नव्हते. तेथे आसरा म्हणजेच जीवदान होते.

आज चित्र वेगळे आहे. केंद्र सरकारने देशभरातील बालगृहांची पाहणी करवली. तिचा अहवाल २०१८ साली पुढे आला. साडेनऊ हजारांहून अधिक संस्थांत साडेतीन लाखांहून अधिक मुले होती. त्यांत अनाथ मुलांपेक्षा एक पालक हयात असलेल्या मुलांची संख्या कितीतरी मोठी होती. म्हणजे पुष्कळ मुलांना आई होती, आईपाशी पैसा नव्हता.

२०१५च्या बाल न्याय कायद्याने संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. निराधार मुलाला कोठे ठेवावे हे जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने ठरवायचे, आणि त्याआधी त्याचे घर सावरता येते का ते पाहायचे. मिशन वात्सल्य योजनेत विधवा किंवा टाकलेल्या आईला मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी वर्षाचे उत्पन्न खेड्यात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते.

रविवारच्या शाळेत मोशेची गोष्ट सांगताना आपण लव्हाळ्यांच्या पेटीपाशी रेंगाळतो आणि पुढची एक गोष्ट घाईने सांगून टाकतो. फारोच्या मुलीने ते बाळ पाजण्यासाठी त्याच्याच आईच्या हाती दिले, आणि वर तिला वेतन ठरवून दिले. पैसा राजवाड्याचा, मांडी आईची! राजसत्तेने मुलासाठी काय करावे याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

याला कोणी म्हणेल, सगळ्याच घरांत माया असते असे नाही. खरे आहे. जेथे दारू आहे, मारहाण आहे, मुलीच्या अब्रूला धोका आहे, तेथून मूल हलवलेच पाहिजे. तेथे बालगृह लागते, किंवा दुसरे कुटुंब लागते. त्यालाच प्रतिपालकत्व म्हणतात. २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी अविवाहित व्यक्तींनाही ही वाट मोकळी केली आहे. मात्र समितीला न विचारता एखाद्याची पोर घरी आणायची, तिच्याकडून धुणीभांडी करवून घ्यायची आणि "आम्ही तिला सांभाळतो" म्हणायचे, हे प्रतिपालकत्व नव्हे. ती फुकटची मोलकरीण झाली.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. १९५६ साली राज्यांची हद्द बदलली, सोयरीक बदलली नाही. निपाणीच्या मुलाची मावशी कागलला असते. पण निपाणी बेळगावच्या समितीकडे आणि कागल कोल्हापूरच्या, योजना वेगळ्या, कागदांची भाषा वेगळी. विड्या वळून पोट भरणाऱ्या आईला कन्नड अर्ज वाचता येत नाही, आणि निपाणीहून बेळगावला एक हेलपाटा म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. हक्काचा पैसा तिच्यापर्यंत पोहोचत नाही तो पुष्कळदा यामुळे. मग बोर्डिंगची चिठ्ठी हाच सोपा मार्ग उरतो.

म्हणून मंडळ्यांना आमचे सुचवणे साधे आहे. चिठ्ठी लिहिण्याआधी त्या बाईच्या घरी जावे. कन्नड जाणणाऱ्या कोणीतरी तिचा अर्ज भरून द्यावा, तिच्याबरोबर बेळगावच्या जिल्हा बालसंरक्षण कक्षात जावे, आणि पैसा हाती येईपर्यंत मंडळीने तिच्या चुलीकडे पाहावे. मूल संकटात दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. जी मुले बालगृहांतच वाढत आहेत, त्यांच्याकडे नाताळात केक घेऊन जाणे चांगलेच. पण अठरा वर्षे पूर्ण होऊन तो मुलगा बाहेर पडेल, तेव्हा त्याला खोली कोण देईल, कामाला कोण लावील, जामीन कोण राहील, हेही मंडळीने आताच ठरवून ठेवावे.

हे काम चिठ्ठी देण्यापेक्षा वेळखाऊ आहे आणि त्याचा फोटो निघत नाही. पण दिवेलागणीला ते मूल आपल्या आईजवळ जेवायला बसेल, यापेक्षा अधिक आपण त्याला काय द्यायचे आहे?