इथवर पुरे

सहा महिने मी घरच्या घरी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहितोय. तो मला हरवायला लागला तेव्हा मी त्याला तपासणं सोडून दिलं. जिंकतोय ना, मग बरोबरच असणार! एका रात्री मात्र, आधीच अडचणीत असलेल्या डावात, त्याने स्वतःहून मात ओढवून घेतली.

दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खेळ्या धरल्या तरी डावाची सुरुवात १,९७,२८१ प्रकारे होऊ शकते. सगळं पाहणं परवडत नाही, म्हणून ‘अल्फा-बीटा’ पद्धतीत फांद्या छाटतात. हातात बरोबरीची खेळी आहे आणि दुसऱ्या खेळीवर घोडा जातोय, एवढं दिसलं की तिथेच थांबायचं. ती याहून किती वाईट आहे, हे बघायची गरज नाही. यात लबाडी नाही. नीट छाटलं तर उत्तर तेच येतं.

मी छाटणी बंद करून तोच पट पुन्हा तपासला. उत्तर वेगळं आलं. चूक एका ओळीत होती. पाहिलेले पट प्रोग्रॅम एका तक्त्यात नोंदवतो. तिथे ‘निदान घोडा तरी जातो’ याऐवजी ‘घोडाच जातो’ अशी नोंद होत होती. तोच पट पुढे दुसऱ्या वाटेने आला, तेव्हा इतर खेळ्यांत वजीर जात होता. त्याने तक्ता पाहिला, घोड्यावर भागतंय असं मानलं आणि मात झाली.

मला एक मित्र आठवला. माझ्या अडचणीत त्याने फोन उचलला नाही. मी दुसऱ्याकडे मदत मागितली, ते ठीकच होतं. पण मनात नोंद केली, ‘स्वार्थी आहे.’ वर्षभराने एकाने विचारलं, ‘त्याला रूम पार्टनर म्हणून घेऊ का?’ मी जुनी नोंद वाचून दाखवली. त्याला ती खोली मिळाली नाही.

झटपट मत बनवणं चूक आहे का? मला नाही वाटत. प्रत्येक माणूस शेवटपर्यंत तपासायला आयुष्य पुरणार नाही. चूक थांबण्यात नव्हती. कुठे थांबलो ते न लिहिण्यात होती. शिवाय छाटलेल्या खेळीत न पाहिलेलं असतं ते आणखी वाईटच असू शकतं. माणसात ते चांगलंही निघतं.

कोडमध्ये आता प्रत्येक नोंदीपुढे एक खूण आहे: नेमकं, निदान, किंवा फार तर. त्याला मात्र अजून फोन करायचाय.