देहूरोडला उतरताना

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळा लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. निम्मी गर्दी मळवलीला उतरते. सांगायला भाज्याची लेणी, खरं म्हणजे धबधब्याखाली भिजायचं असतं. कार्ल्याला जाणारे एकवीरेची ओटी भरतात आणि आलोच आहोत तर म्हणून शेजारच्या चैत्यगृहात डोकावतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांतला बुद्ध आम्हा पुणेकरांना असा सहलीपुरता चालतो. त्याच लोकलला आधी देहूरोड लागतं. आमचं घर माळकरी, त्यामुळे मी तिथे उतरले की तुकोबांच्या देहूला जायची. देहूरोडच्याच बुद्धविहाराकडे पाय वळले ते शाळेतल्या एका सहकारी बाईंनी बुद्धपौर्णिमेला आग्रहाने बोलावलं म्हणून.

विहारात बाई पांढऱ्या साडीत होत्या. मेणबत्त्या, उदबत्त्या, फुलं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. वंदना सुरू झाली तशी सगळ्यांच्या मागे सतरंजीवर बसले. हात जोडले, पण मनात काय म्हणायचं ते सुचेना. माझ्या हात जोडण्याला सवयीने एखादी मागणी चिकटलेली असते. नातवाची परीक्षा, यजमानांचे गुडघे, काहीतरी. नंतर खीर खाताना बाईंना ते बोलून दाखवलं. त्या हसून म्हणाल्या, "मागायचं नसतंच हो बाई. पंचशील म्हणजे पाच गोष्टी करणार नाही, असं आपणच आपल्याला बजावायचं." हे मला फार जड वाटलं. देणारा कुणी नाही, तसा पदरात घेऊन माफ करणाराही कुणी नाही. मग नमस्कार कुणाला? तर, असं जगता येतं हे ज्याने दाखवलं त्याला. यामुळे माझी श्रद्धा बदलली नाही, पण माझ्या मागण्या किती वाढल्या आहेत ते कळलं.

घरी हे सांगितलं तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, बुद्ध म्हणजे आपला नववा अवतारच की!" प्रेमानेच म्हणाल्या. पण बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही, ही 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धर्मांतराच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक आहे. लाखो माणसांनी उघडपणे नाकारलेली गोष्ट पुन्हा त्यांच्याच गळ्यात घालायची, याला आदर कसा म्हणायचा?

गंमत अशी की उलट दिशेचं विधान देहूरोडलाच झालं आहे. 25 डिसेंबर 1954 ला, रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतल्यावर, बाबासाहेबांनी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि पंढरपूरचा विठोबा मूळचा बुद्धच, असं भाषणात सांगितलं. माळकरी माणसाला हे ऐकून चटका बसतो. मला बसला. इतिहास म्हणून ते मला अजून पटलेलं नाही. तरीही काकूंचं बोलणं आणि हे विधान मी एका पारड्यात घालणार नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. दलितांना पंढरपूरच्या देवळात जाता यावं म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. दाराबाहेर ठेवलेल्यांनी "आतला आमचा आहे" म्हणणं वेगळं. दार अडवून बसलेल्यांनी, बाहेरच्यांनी आपलं घर बांधल्यावर "तेही आमचंच" म्हणणं वेगळं. पहिल्यात हक्क मागणं आहे, दुसऱ्यात निव्वळ सवय.

म्हणून विहारात जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, की "शेवटी सगळं एकच" हे वाक्य तिथे नेऊ नका. 25 डिसेंबरला मोठी गर्दी असते, पुस्तकांचे स्टॉल लागतात. तो दिवसही बघावा, पण पहिल्यांदा साध्या रविवारी जा. चपला बाहेर काढा, फोन बंद ठेवा, वंदना चालू असेल तर मागे बसा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. कुणी "जय भीम" म्हणालं तर तसंच उत्तर द्या. आणि जात विचारू नका, आडवळणाने आडनाव विचारूनसुद्धा नाही.