कमरेचा कसा

(वाचावे : एज्रा ८:२१-३४, मत्तय १०:५-१०, लूक १०:३०-३५.)



प्रवासास निघणाऱ्या मनुष्याने आपला पैसा कोठे ठेवावा, हा काय उपदेशाचा विषय आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या प्रभूने ह्याविषयी शिष्यांशी भाषण केले आहे. बारा प्रेषितांस गावोगाव पाठविताना सोने, रुपे व तांबे कंबरकशात घेऊन जाऊ नये, अशी आज्ञा त्याने त्यांस केली. मूळ ग्रीक शास्त्रात तेथे जो शब्द आहे तो कमरेच्या पट्ट्याचा आहे. कारण त्या काळचे वाटसरू आपली नाणी पट्ट्यातच बाळगीत. आपल्या देशातही वाडवडिलांची रीत हीच होती. लांब व अरुंद अशी पिशवी शिवून, तीत रुपये भरून, ती धोतराच्या आत कमरेस बांधीत. तिला कोणी कसा म्हणत, कोणी वसणी म्हणत. बायका पदराच्या गाठीत किंवा बटव्यात पैसा जपत. हल्ली शहरातील दुकानांत चेन लावलेला पातळ पट्टा मिळतो व लोक तो सदऱ्याच्या आत बांधतात. वस्तू नवी दिसते, परंतु युक्ती जुनीच आहे. ह्या कशाविषयी तीन गोष्टी आम्ही आपणापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की, कसा बांधणे हा अविश्वास नव्हे. आपल्या मंडळ्यांत काही भाविक जन असे म्हणतात की, देव राखणारा असता गाठी कशाला माराव्या? ते मत्तयाच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवितात. परंतु ती आज्ञा कोणास व केव्हा झाली हे पाहावे. ते बारा जण आपल्याच लोकांच्या गावांत जात होते, व कामकऱ्याला त्याचे अन्न मिळावे हे योग्य आहे, असे प्रभूने त्याच वेळी सांगितले. पुढे दुःखसहनाच्या रात्री त्याच शिष्यांस त्याने सांगितले की, आता ज्याच्याजवळ पिशवी असेल त्याने ती घ्यावी (लूक २२:३५, ३६). प्रभू बदलला नव्हता. वाट बदलली होती. तसेच एज्राने राजा अर्तहशश्त ह्याच्याजवळ शिपाई व स्वार मागण्याची लाज धरली, व उपास करून तो देवाच्या हाताखाली निघाला. नहेम्या निघाला तेव्हा त्याच्याबरोबर राजाचे सरदार व स्वार होते (नहेम्या २:९). शास्त्र दोघांसही दोष देत नाही. विश्वास म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, व सावधगिरी म्हणजे भय नव्हे.

दुसरी गोष्ट ही की, कशात जे आहे ते पुष्कळदा आपले नसते. एज्राजवळ साडेसहाशे किक्कार रुपे व त्याशिवाय सोने व पात्रे होती. आणि बाबेलापासून यरुशलेमापर्यंतची वाट चार महिन्यांची होती. त्याने उपास व प्रार्थना केली. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. मुख्य याजकांपैकी बारा जण निवडून त्याने ते सर्व त्यांच्या हाती तोलून दिले, आणि यरुशलेमास पोहोचल्यावर चौथ्या दिवशी ते पुन्हा तोलण्यात येऊन त्याचे वजन लिहून ठेवण्यात आले. प्रेषित पौलानेही गरीब पवित्र जनांची वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेले बंधू बरोबर घेतले, ते अशासाठी की, त्याला कोणी बोल लावू नये (२ करिंथ ८:१८-२१). जेथे एज्राने व पौलाने हिशोब दिला, तेथे आम्ही कोण की आमच्या नुसत्या शब्दावर मंडळीने विश्वास ठेवावा?

यास्तव उपदेशक बंधूंनो, मंडळीचे अर्पण तालुक्याच्या गावी नेण्याचे काम आपणाकडे येते तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्या. निघण्यापूर्वी दोन वडील जनांसमक्ष पैसे मोजावे व आकडा लिहून त्यावर त्यांच्या सह्या घ्याव्या. शक्य असेल तर एक सोबती बरोबर न्यावा. कसा मऊ कापडाचा असावा व अंगालगत बांधावा, म्हणजे तो बाहेरून दिसत नाही. नोटा घामाने भिजतात, म्हणून त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग कशात ठेवाव्या. वाटखर्चाचे पैसे वरच्या खिशात निराळे ठेवावे, म्हणजे गर्दीत कसा सोडावा लागत नाही. पैसे आहेत की नाहीत हे पाहण्यास वारंवार कमरेस हात लावू नये. जत्रेत किंवा गाडीत "खिसेकापू आला" अशी हाक उठली म्हणजे जो तो आपला खिसा चाचपतो, आणि चोर नेमके तेच पाहत उभा असतो. आपणाजवळ किती पैसा आहे हे वाटेतल्या गोड बोलणाऱ्यास सांगू नये. पूर्वीचे ठग वाटसरूंशी आधी स्नेह जोडीत व मग त्यांचा घात करीत. कसा कितीही घट्ट असला तरी सैल जिभेपुढे त्याचे काही चालत नाही. पोहोचल्यावर पुन्हा मोजावे व पावती घेऊन ती मंडळीस वाचून दाखवावी.

तिसरी गोष्ट सांगण्यास आम्हांस जड जाते, कारण तीत आमचाच दोष आहे. काही वर्षांपूर्वी सुगीच्या सणाचे अर्पण घेऊन आम्ही जिल्ह्याच्या गावी निघालो होतो. कोणी ज्वारी आणली होती, कोणी कोंबडी, एका विधवेने चार अंडी. त्या सर्वांचा लिलाव होऊन आलेली रक्कम आमच्या कुटुंबाने शिवलेल्या कशात होती, आणि आमच्या स्वतःच्या नोटाही त्यातच होत्या. खिशात केवळ तिकीट व थोडी चिल्लर होती. वाटेत एस.टी. स्टँडवर एक बाई तापाने फणफणलेले लेकरू खांद्यावर घेऊन आमच्याजवळ आली व म्हणाली, "दादा, दवाखान्यापर्यंतच्या भाड्याला कमी पडतात, तेवढं द्या." सभोवती पुष्कळ माणसे होती. त्यांच्यादेखत कसा सोडण्याचे आम्हांस भय वाटले, आणि आम्ही म्हणालो, "बाई, आमच्याजवळ काही नाही." ती रागावली नाही. "असू द्या दादा," एवढेच बोलून ती पुढच्या माणसाकडे गेली.

गाडी सुटल्यावर आमच्या मनास टोचणी लागली. मंडळीचा पैसा देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, हे खरे. परंतु आमच्या स्वतःच्या नोटा होत्या; आडोशास जाऊन कसा सोडता आला असता; निदान ती चिल्लर तरी देता आली असती, व इतरांकडे तिच्यासाठी शब्द टाकता आला असता. ह्यांपैकी काहीच न करता आम्ही खोटे बोललो. सायंकाळी खजिनदारांनी पैसे मोजले व म्हणाले, "पाळकसाहेब, हिशोब चोख आहे." ती स्तुती आम्हांस ऐकवेना. परतताना त्या स्टँडवर उतरून आम्ही शोध केला. परंतु ती बाई व ते लेकरू आम्हांस पुन्हा दिसले नाही.

तेव्हापासून शोमरोन्याचा दृष्टांत आम्ही निराळ्या रीतीने वाचतो. यरुशलेमाहून यरीहोस जाणारी वाट सुमारे २७ किलोमीटरांत सुमारे १,००० मीटर खाली उतरते. डोंगराच्या कपारींतून जाणारी ती वाट लुटारूंस सोयीची होती, आणि घायाळ मनुष्य हा त्याचा पुरावा समोरच पडला होता. याजक व लेवी का थांबले नाहीत हे प्रभूने सांगितले नाही; कदाचित त्यांनाही आपला जीव व आपला कसा सांभाळावयाचा असेल. शोमरोनीही त्याच वाटेने चालला होता व त्याच्याजवळही पैसा होता. तो थांबला, व दुसऱ्या दिवशी उतारशाळेत त्याने आपली पिशवी उघडून दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, काढून दिली. आणि अधिक लागेल ते परत येऊन देण्याचे वचन दिले. त्याने सगळेच देऊन टाकले नाही. पुढच्या वाटेसाठी काही राखले असेल. परंतु त्याचा कसा ज्या वेळी उघडावयास हवा होता त्या वेळी उघडला.

आता आम्ही प्रवासास निघतो तेव्हा अंगालगतचा कसा बांधतोच. मंडळीचा पैसा आम्ही पूर्वीहून अधिक जपतो. परंतु वरच्या खिशात वाटखर्चाशेजारी एक लहान पुडी ठेवतो. तीत फार नसते. कधी वीस रुपये, कधी पन्नास. ती वाटेत भेटणाऱ्यासाठी असते. ती काढण्यास कसा सोडावा लागत नाही व खोटेही बोलावे लागत नाही. बंधुभगिनींनो, तुम्हीही अशी एक पुडी करा. ज्यास पन्नास जमत नाहीत त्याने पाच ठेवावे. बाजारास जाणाऱ्या बहिणीने पदराच्या एका टोकास घरखर्चाची गाठ मारावी व दुसऱ्या टोकास ही लहान गाठ मारावी.

आपल्या प्रभूने जीर्ण न होणाऱ्या पिशव्या करण्यास सांगितले आहे. तेथे चोर येत नाही व कसर लागत नाही (लूक १२:३३). आमचा कापडाचा कसा घामाने दोनतीन वर्षांत विरतो व आमचे कुटुंब नवा शिवते. परंतु दुखणाईताच्या हाती जे ठेविले ते कोणी खिसेकापू नेऊ शकत नाही. ज्या दिवशी आपला शेवटचा प्रवास होईल त्या दिवशी कमरेचा कसा दुसरे कोणी सोडील, आणि मग आपण तो केव्हा उघडला व केव्हा झाकला, ह्याचा हिशोब द्यावा लागेल. देव करो की, त्या दिवशी आमच्या हिशोबात त्या स्टँडवरील बाईचे नाव केवळ दयेमुळे पुसलेले आढळो. आणि तुमच्या हिशोबात असे नाव मुळीच नसो. आमेन.